भिंती बनवणारा जावई

ताई, नमस्कार.
आम्ही विश्रामबागेत राहतो. यजमान बँकेतून निवृत्त झालेत. मुलगी 27 वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये आहे. तिला तासगावकडचं एक स्थळ आलंय. घरची द्राक्षबाग आहे, माणसं साधी आहेत. मुलगा पुण्यात व्हिडिओ गेमच्या कंपनीत नोकरीला आहे. बघायला आले तेव्हा माझ्या भावानं विचारलं, नेमकं काय करता? मुलगा म्हणाला, मी एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट आहे, गेममधल्या भिंती, वाडे, रस्ते बनवतो. भाऊ म्हणाला, म्हणजे कॉम्प्युटरवरचे गवंडी! मुलगा हसला. पण सध्या कोणता गेम बनवताय म्हणून विचारलं, तर म्हणाला ते सांगता येणार नाही. तेव्हापासून भावाच्या मनात पाल चुकचुकतेय. यजमानांचं म्हणणं, हा सगळा जुगाराचा धंदा. आमच्या गल्लीतल्या एका मुलानं रमीच्या ॲपवर वडिलांची एफडी मोडून पैसे घालवलेत, ते त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मुलगी म्हणते, मला मुलगा पसंत आहे, तुम्ही उगाच फाटे फोडू नका. ही नोकरी टिकणारी आहे का? मुलगा रात्री स्वतःही गेम खेळतो म्हणे, ते कितपत बरं? आणि चार नातेवाईक विचारतील त्यांना काय सांगायचं?
– एक आई, सांगली

ताई,

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मुलगा हसला. भरल्या घरात, पोह्यांची बशी हातात असताना, होणाऱ्या बायकोच्या मामानं गवंडी म्हटलं आणि तो हसला. एरवी अशा बैठकीत मुलं एक तर गोरीमोरी होतात, नाहीतर आपल्या पगाराचा आकडा सांगून मोकळी होतात. हा मुलगा दोन्ही करत नाही, म्हणजे स्वभावाचा एक पेपर त्याने सोडवलेला आहे. आता धंद्याचं बघू.

यजमानांची शंका मी हसण्यावारी नेणार नाही. रमीच्या ॲपनं बुडालेली घरं सांगलीतही आहेत. तिथे पैसे लावायचे, जिंकलं तर मिळणार, हरलं तर गेले, आणि कोणीही जिंको, कंपनी दर डावामागे आपला वाटा कापून घेणार, असा तो प्रकार. वर्षानुवर्षं क्रिकेटपटू आणि नट टीव्हीवर त्याच्या जाहिराती करत होते, त्यामुळे गेमची कंपनी म्हटलं की आपल्या पिढीला तेच आठवतं. भारतात गेमिंगच्या नावाखाली मोजला जाणारा पैसाही मोठ्या प्रमाणात या पैसे लावायच्या खेळांचाच होता. पण ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा करून असे ऑनलाइन खेळ बंद केले. हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, या जुन्या वादात कायदा शिरलाच नाही. पैसे लावून खेळायचं असेल तर बंदी, एवढा सरळ हिशेब. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, आणि पैसे न लावता खेळायच्या खेळांना उत्तेजन द्यायचंही लिहिलं आहे. म्हणजे ही दोन खाती वेगळी आहेत हे आता सरकारदरबारीही मान्य आहे.

मुलाची कंपनी कुठल्या खात्यातली, हे कळायला यजमानांनी एकच प्रश्न विचारावा. निवृत्त बँकवाल्याला तो शोभेलही. कंपनीला पैसे कोण देतं, आणि कशाबद्दल? परदेशी कंपनीच्या गेमचा काही भाग आम्ही करून देतो, त्याचे पैसे, असं उत्तर आलं तर पुण्यातल्या बऱ्याच स्टुडिओंचं तेच काम आहे. लोक आमचा गेम विकत घेतात, हेही स्वच्छ उत्तर. तिसरा प्रकार फुकट गेमचा. गेम फुकट द्यायचा आणि आतले कपडे, हत्यारं, सजावट विकायची. त्यातही ‘बंद पेटी घ्या, आत काय निघेल ते नशीब’ असा एक प्रकार असतो, तो मला जुगाराच्या शेजारीच राहणारा वाटतो. बेल्जियमनं 2018 मध्ये त्याला जुगार ठरवून मनाई केली आहे. मुलगा भिंती बनवतो, पेट्या विकत नाही. तरी त्याला या पेट्यांबद्दल काय वाटतं ते मुलीनं जरूर विचारावं. त्यावरून माणूस कळेल.

आता धंद्याचा आवाका. जगभरातले लोक व्हिडिओ गेमवर वर्षाला 180 अब्ज डॉलरहून जास्त पैसे खर्च करतात. आपल्या रुपयांत ते 15 लाख कोटींच्या पुढे जातात. जगातल्या सगळ्या सिनेमागृहांची तिकीटविक्री एकत्र केली तरी ती याच्या चौथ्या हिश्शापर्यंत पोचत नाही. जीटीए 5 नावाचा गेम 2013 मध्ये आला, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत त्याची विक्री एक अब्ज डॉलरवर गेली होती. आपल्याला हे जाणवत नाही, कारण या धंद्याचं थिएटर गावात नसतं. हाउसफुल्लची पाटी लागत नाही, रांग दिसत नाही, जो तो आपापल्या खोलीत बसलेला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ल्युडो किंग तुमच्याही घरात खेळला गेला असेल. तो नवी मुंबईच्या कंपनीनं बनवलेला आहे, हे त्या वेळी किती जणांना ठाऊक होतं?

पुणं तर यात बरंच पुढे आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा तिथला स्टुडिओ 2008 पासून आहे. नॉडिंग हेड्स नावाच्या छोट्या पुणेरी चमूनं ‘राजी’ नावाचा गेम केला. भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू, आणि भोवती राजस्थानी धाटणीचे किल्ले-वाडे. 2017 मध्ये त्यांनी त्यासाठी लोकवर्गणी मागितली, तर ठरवलेली रक्कम जमलीच नाही. तरी नेटानं काम करत 2020 मध्ये गेम बाजारात आणला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. सुपरगेमिंग या पुण्याच्याच कंपनीचा ‘इंडस’ हा गेम 2024 मध्ये आला. तेव्हा मुलगा पुण्यात गेमच्या कंपनीत आहे, यात नवलाचं काही नाही. सॉफ्टवेअरवाले जसे हिंजवडीत आहेत तसे हेही आहेत, फक्त संख्येनं थोडे.

मामांची शंका वेगळी आहे. सांगता येणार नाही, हे उत्तर त्यांना टाळाटाळीचं वाटलं. मला ते वाचून बरं वाटलं. गेम बनायला तीन-चार वर्षं सहज लागतात आणि तोवर त्याची एक चौकटही बाहेर जाऊ नये म्हणून कामावरच्या प्रत्येकाकडून गुप्ततेच्या करारावर सह्या घेतलेल्या असतात. सप्टेंबर 2022 मध्ये जीटीएच्या पुढच्या भागाचे अर्धवट अवस्थेतले व्हिडिओ चोरीला जाऊन जगभर पसरले होते, तेव्हापासून तर सगळेच ताकही फुंकून पितात. मुलीकडची माणसं समोर बसली आहेत, एखाद्या मोठ्या गेमचं नाव घेऊन छाप पाडायची आयती संधी आहे, आणि मुलगा सहीला जागला. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला याची किंमत मी सांगायला नको. खातेदाराची माहिती यजमानांनी तरी कधी जेवणाच्या ताटावर सांगितली होती का?

मात्र जे बाजारात येऊन गेलंय ते काम दाखवायला कसलीच आडकाठी नसते. ते मागा. सिनेमाच्या शेवटी नावं येतात तशी गेमच्या शेवटीही येतात. त्यात त्याचं नाव असेल तर मामांना दाखवा. नसेल तरी लगेच निष्कर्ष काढू नका. परदेशी गेमचा तुकडा करून देणाऱ्या स्टुडिओतल्या सगळ्यांची नावं घातली जातातच असं नाही, आणि यावरून त्या लोकांत बरीच नाराजीही आहे. अशा वेळी आपल्या कामाचा नमुनासंग्रह असतो, पोर्टफोलिओ म्हणतात तो. हे आर्टिस्ट लोक बहुधा आर्टस्टेशन नावाच्या वेबसाइटवर तो ठेवतात. मुलाच्या आईलाही तो अजून कोणी दाखवला नसण्याची शक्यता आहे.

ते काम बघताना काय बघायचं, हे थोडं सविस्तर सांगते, कारण ‘भिंती बनवतो’ यात काय एवढं, हा प्रश्न तुमच्या पत्रात लिहिलेला नसला तरी मला ऐकू आला.

समजा गेममध्ये नदीकाठच्या जुन्या वाड्याची भिंत हवी आहे. कॉम्प्युटरमध्ये ती छोट्या छोट्या त्रिकोणांनी बनते. त्रिकोण जितके जास्त तितकी भिंत खरी, पण मोबाइल तितका तापणार आणि गेम अडखळणार. म्हणून दगडातला प्रत्येक टवका खरोखर कोरायचा नसतो. सपाट पृष्ठभागावर उजेड कसा पडेल याचा एक नकाशा चढवायचा, की डोळ्याला तिथे खड्डा दिसतो. मग ती भिंत उलगडून सपाट पसरायची, तिच्यावर रंग आणि डाग चढवायचे आणि पुन्हा उभी करायची. दहा-बारा तुकडे असे मन लावून करायचे, आणि तेच फिरवून, उलटेपालटे करून, जोडून अख्खं गाव उभारायचं. खेळणाऱ्याला तोच दगड पुन्हा दिसतोय हे कळलं की काम फसलं.

खरं कसब डागांत आहे. पन्हाळीखाली शेवाळ कुठपर्यंत चढेल? दिंडी दरवाजाचा कोणता कोपरा माणसांच्या खांद्यांनी गुळगुळीत झाला असेल? खुंटीभोवती हाताचा काळपटपणा किती? आपल्या गावभागात 2005 आणि 2019 च्या पुराच्या रेघा घरांवर आहेत, तुम्ही बघितल्या असतील. रेघेखाली गाळाचा पिवळट रंग, वर चुना, आणि सांध्यावर फुगून सुटलेला पापुद्रा. तुम्ही-आम्ही त्या रेघेकडे बघून पाणी कुठवर आलं होतं ते बोलतो. या धंद्यातला माणूस तिथे थांबतो, मोबाइल काढतो आणि पापुद्र्याचा फोटो घेतो. मग त्याच्या गेममधल्या गल्लीत शिरल्याबरोबर, एक अक्षर न वाचता, खेळणाऱ्याला कळतं की इथे पूर येऊन गेलाय. मामांनी टोमणा मारला, पण तो नेमका बसला बघा. गवंड्याला दगड ओळखावा लागतो, तसा यालाही लागतो. फक्त याचा वाडा पाडायला महापालिका येत नाही.

अशा कामाचं पुढे काय होतं याचा एक दाखला. युबिसॉफ्टच्या 2014 मधल्या एका गेमसाठी कॅरोलिन मिऊस या आर्टिस्टनं पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल महिनोन्‌महिने खपून उभं केलं होतं. 2019 मध्ये खरं कॅथेड्रल आगीत होरपळलं. कंपनीनं तो गेम आठवडाभर लोकांना फुकट दिला आणि डागडुजीसाठी पाच लाख युरोही जाहीर केले. जगभरातले लोक आग लागण्याआधीचं कॅथेड्रल बघायला त्या गेममध्ये फिरून आले. चीनमध्ये ऑगस्ट 2024 मध्ये त्यांच्या जुन्या वानरवीराच्या कथेवरचा ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ आला. तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या, आणि त्यात दाखवलेली शान्शी प्रांतातली खरी देवळं बघायला प्रवाशांची रीघ लागली. कॅनडातल्या एका छोट्या स्टुडिओनं ‘वेंबा’ नावाचा गेम केला. परदेशात गेलेली तमिळ आई फाटक्या वहीतून इडलीची कृती जुळवते, बस, एवढाच खेळ. त्याला 2024 मध्ये बाफ्टा हा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार मिळाला. हे वाचल्यापासून भडंगावर गेम कोणी काढत नाही, याचं मला वैषम्य वाटतंय.

जपानमध्ये तर ही गोष्ट राष्ट्रीय अभिमानाची आहे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या समारोपात त्यांचे पंतप्रधान शिंझो आबे मारिओ या गेममधल्या पात्राची लाल टोपी घालून हिरव्या नळकांड्यातून वर आले होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं, ज्याला मोमा म्हणतात, 2012 मध्ये पॅक-मॅन आणि टेट्रिससकट 14 व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. तिथे पिकासोची चित्रं आहेत.

आणि ताई, आपण सांगलीकरांनी तरी ‘खेळवाल्याला मुलगी कशी द्यायची’ असं म्हणू नये. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथे ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभं केलं. सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचा आश्रय होता म्हणून ते निभावलं. 1851 मध्ये राजेसाहेब गेले, आश्रय आटला, आणि भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, मुंबईपर्यंत जाऊन तिकीट लावून नाटकं करू लागले. त्यानंतरही कितीतरी वर्षं नाटकवाला म्हटलं की मुलीचे वडील पत्रिकाच परत करत. आज त्याच भाव्यांच्या नावाचं पदक दर 5 नोव्हेंबरला आपल्या गावात दिलं जातं आणि आपण कडक इस्त्रीचे कपडे घालून ते बघायला जातो.

इथवर मी मुलाची बाजू घेतली. आता तुमच्या बाजूनं बोलते, कारण नोकरी टिकेल का या प्रश्नाला गोड उत्तर देता येणार नाही.

हा धंदा मोठा आहे, पण त्यातली नोकरी भरवशाची नाही. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर 2023 मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी 68.7 अब्ज डॉलरना घेतली आणि पुढच्या जानेवारीत आपल्या गेम विभागातली 1,900 माणसं घरी बसवली. दुसऱ्याच महिन्यात सोनीनं 900 जणांना काढलं. कोविडच्या काळात सगळे घरात बसून खेळत होते, तेव्हा कंपन्यांनी हात सैल सोडून भरती केली. लोक पुन्हा घराबाहेर पडले आणि कर्जाचं व्याजही वाढलं, तशी कपात आली. आपल्याकडच्या स्टुडिओंची आणखी एक अडचण म्हणजे कामाची दोरी बहुतेक वेळा परदेशात असते. प्रिन्स ऑफ पर्शिया या गेमच्या एका जुन्या भागाची नवी आवृत्ती 2020 मध्ये जाहीर झाली, तेव्हा ते काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. केवढा आनंद झाला होता इथल्या मुलांना! 2022 मध्ये कंपनीनं ते काढून माँट्रियलला नेलं. त्यात 2025 च्या कायद्यानं पैशाच्या खेळांच्या कंपन्या गुंडाळल्या गेल्या, तिथली माणसंही आता याच बाजारात नोकरी शोधताहेत. आणि एआय चित्रं काढू लागल्यापासून आर्टिस्ट लोकांची झोप थोडी उडालेली आहेच.

तासगावच्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही. बेदाणा करून शीतगृहात ठेवायचा, सौद्यात भाव निघेपर्यंत घरातला पैसा अडकलेला, आणि भाव निघाला तर वर्षाची ददात मिटली, नाहीतर बँकेचा हप्ता डोक्यावर. गेमचं गणित हेच आहे, फक्त तिथे वर्षाऐवजी तीन-चार वर्षं माल आत पडून असतो. या मुलानं लहानपणापासून घरात हा ताण बघितलाय. पगारदार घरात वाढलेल्या मुलापेक्षा त्याला तो जास्त पेलवेल, असं माझं मत आहे. मत आहे, हमी नव्हे.

म्हणून मोघम ‘नोकरी टिकेल का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडेही नाही, आणि आजकाल कोणाच्याच जावयाकडे नाही. त्याऐवजी विचारा, आतापर्यंत नोकऱ्या किती बदलल्या आणि प्रत्येक का सोडली? उद्या स्टुडिओ बंद पडला तर सहा महिने घर चालेल एवढी गंगाजळी आहे का? पीएफ कापला जातो का, की कंत्राटावर काम आहे? गेम बाजारात यायच्या आधीचे महिने फार वाईट असतात, रात्री-अपरात्रीपर्यंत काम, शनिवार-रविवार नाहीत. त्यांच्यात त्याला क्रंच म्हणतात. मागच्या वेळी हा क्रंच किती चालला होता? हे मुलीनं विचारावं, कारण ते दिवस तिला काढायचे आहेत. शिकलेलं दुसरीकडे कुठे चालतं, हेही विचारा. सिनेमातले व्हीएफएक्स म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं, जाहिराती, आर्किटेक्टची त्रिमितीय चित्रं, संग्रहालयांची कामं यांत हेच हात लागतात. राज्य सरकारनंही 2025 मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी वेगळं धोरण आणलं आहे. धोरण कागदावरून खाली उतरेल तेव्हा उतरेल, त्याच्या भरवशावर लग्न ठरवू नका.

तुमची मुलगी स्वतः कमावती आहे, आणि तिच्या पेशाला पुण्यात काय, कुठेही मागणी आहे, हे तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंत. माझ्या हिशेबात ती निम्मी बाजू आहे. शिवाय दिवसभर माउस धरून बसणाऱ्यांचं मनगट, मान आणि कंबर कायम बोंबलत असते. या मुलानं फिजिओथेरपिस्टचं स्थळ बघितलं यात मला थोडा स्वार्थही दिसतो.

रात्री तो गेम खेळतो, याचं मी फार मनावर घेणार नाही. नाटकवाला दुसऱ्याची नाटकं बघतो तसंच ते. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातलंय खरं, पण तिथेही खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळच मोठा होणं, नुकसान होत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी लक्षणं सांगितली आहेत. जो माणूस सकाळी वेळेवर कामावर जातो, आईचा फोन उचलतो आणि तासगावला जाऊन बागेत राबतो, त्याला हे लागू होत नाही. तुमच्या मुलीनं एकदा त्याच्याबरोबर खेळून बघावं. हरल्यावर माणूस कसा वागतो, ते कांदेपोह्यांत कळत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. लग्नानंतर त्यांच्या घरात एक भला मोठा कॉम्प्युटर असेल, लाखाच्या घरातला किंवा त्याहूनही महाग, आतून दिवे लागणारा, पंख्यासारखा घरघरणारा. ती चैन नाही, त्याचं अवजार आहे. त्यावर टॉवेल वाळत घालायचा नाही.

नातेवाइकांना काय सांगायचं? सॉफ्टवेअरमध्ये आहे, असं म्हणून वेळ मारून न्यायचा मोह तुम्हाला होईल. तसं करू नका. लग्नाच्या मांडवात कोणीतरी त्यालाच विचारेल, तो खरं सांगेल, आणि मग आपणच काहीतरी झाकत होतो असं दिसेल. व्हिडिओ गेम बनवतो, त्यातल्या इमारतींचं काम त्याच्याकडे असतं, असं सरळ सांगा आणि चहाचं विचारा. खोदून विचारणारा निघालाच, तर त्याच्या घरातल्या नातवाला बोलवा. पुढचा अर्धा तास तोच बोलेल.

यजमानांनी पैशाचा प्रश्न मुलाच्या वडिलांसमोर न विचारता मुलाला एकट्याला विचारावा. बापासमोर मुलगे पगार आणि अडचणी दोन्ही फुगवून किंवा लपवून सांगतात. मुलीला एक रविवार पुण्याला जाऊन येऊ द्या, त्याच्याबरोबर राहणाऱ्या मित्रांनाही ती भेटू दे. स्टुडिओत आत सोडणार नाहीत, करार आडवा येईल, तेव्हा त्यावरून पुन्हा पाल चुकचुकायला नको. मामांना पुढच्या बैठकीला अवश्य न्या. त्यांना पोर्टफोलिओ टीव्हीवर मोठा करून दाखवायला सांगा, आणि एखाद्या भिंतीत चूक काढायची मोकळीक द्या. चूक काढता आली की मामा लोक खूश असतात.

बैठकीची तारीख मात्र त्यांच्या घरी विचारून ठरवा. ऑक्टोबरात ठरवत असाल तर बागेची फळछाटणी चालू असेल, मजूर मिळाले त्या दिवशी घरातलं कोणीही सांगलीला येणार नाही, आणि त्याचाही तुम्ही भलताच अर्थ काढाल.